पंधरावी

“ही पोरगी शाळा संपायच्या आत एकदा जरी मैदानात उतरली ना, तर मी हाफ पँट घालून भर बाजारातून शाळेच्या फाटकापर्यंत चालत जाईन!”

टेलरकाका जिन्यात उभे राहून बोलले, म्हणजे अख्ख्या इमारतीनं ऐकलं. वरच्या मजल्यावर कुणीतरी कुकर बंद केला. पैज लागतेय म्हटल्यावर शिट्ट्या कोण ऐकत बसणार?

“नुसती हाफ पँट?” दुधाचे रिकामे क्रेट खाली टेकवत टेम्पोवाली म्हणाली. ती पोरीची आई. “तसं नाही चालणार. टाय पाहिजे, गुडघ्यापर्यंत मोजे पाहिजेत. पूर्ण गणवेश.”

“पूर्ण गणवेश! आणि नाही उतरली, तर ताई, तुम्ही आठवडाभर रोज सकाळी गॅलरीत उभं राहून कोंबड्यासारखं आरवायचं. खणखणीत. तोंडातल्या तोंडात पुटपुटलेलं धरणार नाही.”

“आरवेन की. नाहीतरी पहाटे सगळ्यांना माझा टेम्पोच उठवतो.”

“मला कुणी विचारलंय का?” पोरगी म्हणाली. तिच्या दोन्ही हातांत क्रेट होते आणि खांद्याला बुटांची पिशवी लटकत होती.

“तू गप,” काका म्हणाले. “तू घोडा आहेस. पैज लावताना घोड्याला विचारत नाहीत.”

सगळं सुरू झालं ते त्या बुटांवरून. काकांनी सहज पिशवीत डोकावून पाहिलं होतं. फुटबॉलच्या टीममध्ये पोरीचं नाव पहिल्या वर्षापासून, आणि बुटांचा तळवा असा की दुकानदार हसत परत घेईल. “मातीची ओळखच करून दिली नाहीस गं यांना?” असं काका बोलले, आणि आईला मिरची लागली. आईला मिरची लागली की ती पैज लावते. टेम्पो चालवायलासुद्धा ती अशाच एका पैजेत शिकली होती.

पण काका बोलले ते खोटं नव्हतं, आणि तेच पोरीला झोंबलं.

शाळेत तिला ‘पंधरावी’ म्हणत. त्याचं असं होतं की कुठल्याही मंडळाला खोली हवी, शिक्षक हवा, स्पर्धेला जायचं, तर किमान पंधरा नावं लागत. चौदा असली तरी कुलूप. आणि शाळा अशी बेताची की कुठलंही मंडळ चौदावर येऊन धापा टाकायचं. मग कुणीतरी हिच्या बाकाशी यायचं. “ए, तुझं नाव टाकू का गं? नुसतं नाव. यायची गरज नाही.” पहिल्यांदा बुद्धिबळवाल्यांनी विचारलं, ही ‘टाक’ म्हणाली. मग वादविवाद मंडळ, समूहगान, निसर्ग मंडळ. फुटबॉलला अकरा खेळणाऱ्या आणि चार राखीव, त्यांतली शेवटची राखीव ही. पुढे पुढे तर कुणी विचारेनासंच झालं. वर्ष सुरू झालं की खेळाचे शिट्टीसर स्वतःच सगळीकडे तिचं नाव लिहून टाकायचे. घरात शिरताना माणूस दिव्याचं बटण दाबतो ना, न बघता, तसं.

ती जायची कधी? दुपारी शाळा सुटली की आईबरोबर टेम्पोची दुसरी फेरी. क्रेट उतरवायचे, रिकामे चढवायचे. फुटबॉलच्या सरावाला मात्र ती जमेल तेवढं जायची, सकाळी. जुन्या कॅनव्हासच्या बुटांत पळायची, कारण नवे बूट सामन्यासाठी जपलेले, बॉल आणून द्यायची, आणि सामन्याच्या दिवशी बाकावर बसून सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळायची. कुणाची बाटली कुठली, हे तिला झोपेत सांगता आलं असतं.

तर हे शेवटचं वर्ष. आणि शेवटच्या वर्षाला त्या शाळेत ‘भिंत’ असायची. मोठ्या जिन्याखालची पांढरी भिंत. निरोपाच्या आठवड्यात शेवटच्या वर्गातल्या प्रत्येकाचा फोटो तिच्यावर लागायचा, खाली मंडळं, खेळ, बक्षिसं, आणि सगळ्यांत शेवटी स्वभावाची एक ओळ. वर्षभर ती तशीच राहायची. खालच्या वर्गातली पोरं येता-जाता वाचायची, मिशा काढायची, प्रेमातसुद्धा पडायची.

पैजेच्या दुसऱ्या दिवशी शिट्टीसर कच्चा मजकूर घेऊन वर्गात आले. गळ्यात शिट्टी, हातात कागद. ‘कॅप्टन: फुटबॉल, धावणे, शाळेची प्रतिनिधी. स्वभाव: लढाऊ.’ ते खरंच होतं. कॅप्टन घरी आईशीसुद्धा डावपेच आखून बोलायची. ‘माइक: वादविवादात सलग बक्षिसं. स्वभाव: स्पष्टवक्ती.’ माइक म्हणजे अशी मुलगी की तिला कुठलीही बाजू द्या, ती जिंकणार. आणि दोन्ही बाजू दिल्या तर स्वतःशी भांडणार. ‘उंट: बुद्धिबळ. स्वभाव: विचारी.’ उंट कॉरिडॉरमधूनही तिरपाच चालायचा.

मग हिचा नंबर आला. नाव, फोटो. खाली मंडळांच्या जागी एक आडवी रेघ. आणि ‘स्वभाव: शांत.’

“सर,” पंधरावी उभी राहिली, “माझी मंडळं?”

“अगं, ती काय...” सर हसले. “नुसती नावाला होतीस ना तू. ज्यांनी खरंच काही केलं, त्यांचंच लिहायचं. नाहीतर कॅप्टनपेक्षा तुझी यादी मोठी व्हायची!”

वर्ग हसला. कॅप्टनही हसली.

“आणि शांत कोण?”

“तू. का, नाहीस का?”

तिला तिथल्या तिथे उमगलं. शांत म्हणजे शांत नव्हे. शांत म्हणजे आठवत नाही. भिंतीवरच्या जुन्या फोटोंखाली असे कितीतरी शांत तिनं पाहिले होते, आणि त्यांतला एकही चेहरा तिला आता सांगता आला नसता. घरी जिच्या तोंडाला टेम्पोचा हॉर्न हरतो, ती शांत?

“मग सर, माझं नाव काढा,” ती म्हणाली.

“भिंतीवरून?”

“नाही. सगळीकडून. फुटबॉल, बुद्धिबळ, वादविवाद, समूहगान, निसर्ग. नुसती नावालाच आहे ना? मग कुणाचं काय अडणार?”

“काढतो की खुशाल,” सर म्हणाले, आणि कागदावर फराफरा रेघ ओढून पुढच्या नावाकडे गेले. बटण बंद केलं. दिवा गेला हे त्यांच्या लक्षात यायला दोन दिवस लागले.

*

लक्षात आलं ते आंतरशालेय मेळाव्याच्या कचेरीतून फोन आला तेव्हा. पंधराऐवजी चौदा. फुटबॉल चौदा, बुद्धिबळ चौदा, सगळं चौदा. नवीन नावं द्यायची मुदत संपलेली. जुनं नाव परत घेता येईल, पण ते त्या मुलीनं स्वतः सही करून. नाहीतर शाळा एकाही स्पर्धेत नाही.

संध्याकाळी इमारतीच्या जिन्यात ही गर्दी! टेलरकाकांनी मशीन थांबवलं आणि स्टूल घेऊन दारातच बसले. फुकटचा तमाशा आणि जागा पहिल्या रांगेत.

सगळ्यांत आधी उंट. “हे बघ, तू आमचं प्यादं आहेस,” त्यानं सुरुवात केली आणि जीभ चावली. “म्हणजे चांगल्या अर्थानं.”

“प्याद्याला चांगला अर्थ असतो?” पोरगी म्हणाली.

“असतो. शेवटच्या घरात पोचलं तर.”

मग समूहगानाचा भोंगा आला, पण त्याचा घसा बसला होता, त्यामुळे तो नुसता हात जोडून उभा राहिला. मग माइक. तिनं त्याग, मैत्री, शाळेची परंपरा असं सगळं एका दमात काढलं.

“झालं?” पोरगी म्हणाली. “आता माझ्या बाजूनं बोल.”

माइकची सवयच वाईट. “तसं बघितलं तर,” ती म्हणाली, “इतकी वर्षं आम्ही हिचं नाव वापरलं आणि हिला एकदाही खोलीत बोलावलं नाही. आम्हाला ती लागते, पण ती नको असते. हा सरळसरळ...” तिनं तोंडावर हात ठेवला.

“वा!” काका स्टुलावरून म्हणाले. “हिला वकील करा.”

शेवटी कॅप्टन आली. एकेक पायरी गाळत. “काय पाहिजे तुला? भिंतीवर यादी? देऊ लिहून.”

“यादी नको. खेळायचंय.”

“काय?”

“फुटबॉल. खऱ्या सामन्यात. बाकावर नाही, आत. तू उतरवणार असशील, तर आत्ता सगळ्यांच्या कागदांवर सह्या करते. नाहीतर तुझंही नाही आणि यांचंही नाही.”

“तुला येतं का खेळता?”

“नाही येत फारसं. नुसता बॉल आणून देऊन येत नाही ते.”

कॅप्टन लाल झाली. तिचा हा शाळेतला शेवटचा सामना, आणि ही काय मागतेय? पण मागून उंट, भोंगा, माइक असे काही बघत होते की पळायला जिना उरला नव्हता.

“शेवटची काही मिनिटं,” कॅप्टन म्हणाली. “शब्द.”

“शब्द?”

“माझा शब्द गं! कॅप्टनचा!”

काकांच्या दारातल्या टेबलावरच पोरीनं सह्या केल्या. सगळे गेल्यावर काकांनी नाकावरचा चष्मा वर सरकवला. “हरवतेस वाटतं मला.”

“घोड्याला बोलायची परवानगी नाही, काका,” ती म्हणाली आणि वर पळाली.

*

सामना शाळेच्याच मैदानावर. कुंपणाच्या भिंतीवर पोरं चिमण्यांसारखी बसलेली. आई टेम्पो लावून आली होती, तशीच, हातमोजे खिशात खुपसून. तिच्या शेजारी टेलरकाका, गळ्यात मापाची टेप. काढायची राहिली होती.

मध्यांतराला एक-एक. उत्तरार्धात दोन्ही संघ एकमेकींच्या पायात पाय घालून नुसती धूळ उडवत होते. वेळ संपत आली. पंधरावीनं बुटांच्या नाड्या सोडून पुन्हा बांधल्या आणि सरांकडे गेली. “सर, मी जाऊ?”

“बघू,” सर म्हणाले.

‘बघू’ म्हणजे नाही, हे जगातल्या कुठल्याही पोराला कळतं.

“कॅप्टननं शब्द दिलाय.”

“संघ कॅप्टन निवडत नाही, मी निवडतो. राखीव म्हणजे राखीव. बस खाली.”

“नाही बसत.”

“काय?”

“नाही बसत, सर. पुष्कळ बसले.”

आणि ती मैदानाच्या पांढऱ्या रेघेला अंगठे लावून उभी राहिली. बाटल्या बाकाखाली तशाच पडलेल्या. सरांनी शिट्टी तोंडात धरली, पण वाजवून करणार काय? रेघेबाहेर उभं राहायला बंदी कुठेय? भिंतीवरची पोरं बोटं दाखवायला लागली. “पंधरावी उभी आहे बघ! पंधरावी!”

तेवढ्यात भिंतीजवळून आवाज आला, “उतरवा की तिला!”

लोकांनी वळून पाहिलं. टेलरकाका.

“अहो, तुम्ही हराल ना!” शेजारचा किराणावाला म्हणाला.

“मला माहितीये! उतरवा तिला! काय मेले बाकाला पाय फुटायची वाट बघताय!”

मैदानात कॅप्टननं एकदा रेघेकडे पाहिलं. एकदा गोलकडे. तिचा शेवटचा सामना, बरोबरी, आणि पायात अजून भरपूर जीव. मग ती मांडी धरून मटकन खाली बसली. इतकं वाईट नाटक त्या शाळेत आजवर कुणी केलं नव्हतं. ओरडताना तिनं पायही चुकीचा धरला होता, मग बदलला.

“गोळा आलाय, सर,” ती लंगडत, दात-ओठ खात बाहेर आली. “बाकीच्या तिघी आधीच आत गेल्यात. हीच उरलीये.” आणि पंधरावीच्या हातात हात आपटताना हळूच म्हणाली, “मातीत घालू नकोस.”

पंधरावी आत गेली.

आतून मैदान फारच मोठं दिसतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. बाकावरून सगळं कसं जवळ जवळ वाटायचं. बचावाच्या फळीत ती उभी राहिली, धावली, एकदा उगीचच धावली. आणि मग बॉल तिच्याकडे आला. कुणाच्या तरी पायाला लागून, गडगडत, सरळ तिच्याकडे. तिनं तो थांबवला. तळव्याखाली धरला. तो थांबला!

“मार! लांब मार!” कॅप्टन रेघेवरून किंचाळली. “मार गं, मार!”

शहाण्या माणसानं मारला असता. पण इतकी वर्षं जो बॉल फक्त काखेत धरून दुसऱ्यांना नेऊन दिला, तो एकदाचा पायाशी आलेला. एवढ्यात कसा सोडायचा? ती बॉल घेऊन पळाली. एकीला चुकवलं, खरंच चुकवलं. भिंतीवरून आरोळी उठली. आईनं काकांच्या गळ्यातली टेप ओढली. दुसऱ्या मुलीनं मात्र अलगद पाय घातला, बॉल घेतला, आणि पंधरावी तोंडावर पडलेली असताना मागे जाळं हललं.

दोन-एक. शिट्टी. संपलं.

सर तरातरा आत आले. “तुझ्यामुळे हरलो! कळतंय का तुला? तुझ्यामुळे!”

तिचा गुडघा सोलला होता, दातांत माती होती. ती उठली. “कळतंय, सर. मग लिहा.”

“काय लिहू?”

“भिंतीवर. माझ्या फोटोखाली. माझ्यामुळे या शाळेत आजवर काहीच झालं नव्हतं. आज झालंय. तुम्हीच म्हणताय. मग शांत-बिंत खोडा आणि हे लिहा.”

सर आले तसेच परत गेले, शिट्टी छातीवर हेलकावत.

कॅप्टन बाकावर तोंड लपवून रडत होती. पंधरावी तिच्याजवळ गेली, बाकाखाली वाकली, आणि अगदी सवयीनं तिचीच बाटली काढून पुढे केली.

“बोलू नकोस माझ्याशी,” कॅप्टन म्हणाली. बाटली घेतली. घटाघटा प्यायली. अर्धी ठेवून परत दिली. “बूट बघ तुझे,” ती नाक पुसत म्हणाली. “कसले घाण झालेत.”

*

भिंत उघडायच्या दिवशी सकाळी टेलरकाका गणवेश घालून दुकानाच्या आत उभे होते. बाहेर अर्धी गल्ली जमलेली.

“एवढ्यात शिवलीत?” आईनं दारातूनच विचारलं. हाफ पँटची इस्त्री कागदासारखी कडक होती.

“शिवलेलीच होती,” काका म्हणाले.

“कधी शिवली?”

“पैज लागली त्याच दिवशी. गिऱ्हाईक कमी होतं.” त्यांनी विषय झटकला आणि गळ्यातल्या टायशी झटापट करायला लागले. गाठ एकदा कानाखाली जायची, एकदा पाठीमागे. “ए घोड्या, इकडे ये. हे काय असतं, कसं असतं बघ जरा.”

“एवढे गणवेश शिवता काका, आणि टाय बांधता येत नाही?”

“शिवतो गं. बांधायची वेळ कधी आली?”

पोरीनं वाकून, सावकाश, शाळेत बांधतात तशी गाठ बांधली, कॉलर खाली केली, आणि मोजे वर ओढले.

मग ती पुढे शाळेत गेली. भिंतीपाशी आधीच ढकलाढकली चालली होती. लढाऊ, स्पष्टवक्ती, विचारी, हसतमुख. तिच्या फोटोखाली सरांच्या सुबक अक्षरातल्या ‘शांत’वर जाड काट होती, आणि खाली कॅप्टनचं वाकडंतिकडं अक्षर: ‘फुटबॉल, बचाव. हिच्यामुळे हरलो.’ त्याखाली आणखी कुणीतरी, बहुधा तिरप्या चालीच्या हातानं: ‘एकीला चुकवलं होतं.’ शिट्टीसर बाजूलाच उभे होते. त्यांच्या हातात खोडरबरही होता. तो त्यांनी खिशात टाकला आणि भोंग्यावर ओरडायला गेले.

तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला आणि सगळी शाळा फाटकाकडे धावली.

बाजारातून टेलरकाका येत होते. भर रस्त्याच्या मधोमध, हाफ पँट, टाय, पांढरे मोजे, आणि मधे उघडे, केसाळ, बारीक गुडघे. मागे टेम्पो, बैलगाडीच्या चालीनं, दिवे लुकलुकत. आई एका हातानं हॉर्न दाबत होती आणि दुसऱ्या हातानं डोळे पुसत होती. हसून की कशानं, ते तिचं तिला ठाऊक. भाजीवाल्या उठून उभ्या राहिल्या. कुणीतरी शिट्टी मारली. कुणीतरी “गृहपाठ केला का रे?” म्हणून ओरडलं. काकांनी मान वळवली नाही. छाती काढून, हात झुलवत, पहिल्या दिवशी शाळेत निघालेल्या पोरासारखे ते चालत राहिले.

फाटकात वॉचमन उभा होता. त्यालाही चेव आला. त्यानं दांडका आडवा धरला आणि दरडावून विचारलं, “कुठला वर्ग?”

सगळे थांबले. हॉर्नही थांबला.

काकांनी टायची गाठ चाचपली. जागेवर होती. गर्दीत त्यांनी पोरीला शोधलं, आणि मग वॉचमनकडे बघून ताठ मानेनं म्हणाले,

“शेवटचा. राखीव.”

वॉचमननं दांडका बाजूला घेतला.